टाइमशेअर : सात रात्रींचा खरा भाव किती?

घोडबंदरकर
टाइमशेअर म्हणजे एकदम पैसे भरून पुढची काही वर्षं, दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याची मेंबरशिप. मॉलमध्ये कूपन भरलं की आठवड्याभरात फोन येतो, "बक्षीस लागलंय, जोडीने या." मग ठाण्याच्या नाहीतर वाशीच्या हॉटेलात दीड-दोन तास प्रेझेंटेशन. माझं मत स्पष्ट आहे : मुलं शाळेत असलेल्या नोकरदार कुटुंबानं हे घेऊ नये. हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या कोटेशनमधले घालून पाहा.

मेंबरशिप ४,००,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२,०००. एकूण ४,७२,०००. मुदत २५ वर्षं, वर्षाला ७ रात्री. सेल्सवाला याला १७५ रात्रींनी भागतो आणि रात्र २,७०० रुपयांना पडते असं दाखवतो. गोम इथेच आहे. तीच रक्कम ७ टक्क्यांनी ठेवली तर व्याज आणि मुद्दल मिळून २५ वर्षं दरवर्षी साधारण ४०,५०० काढता येतात. तेवढे पैसे आपण सोडतोय. शिवाय वार्षिक शुल्क २०,००० धरा, जीएसटीसकट २३,६००. बेरीज ६४,१००, म्हणजे रात्रीला ९,१५०, जेवण वेगळं. सुट्टी जुळली नाही आणि चारच रात्री वापरल्या, तर रात्र १६,००० ला पडली.

आणि लोक याला 'प्रॉपर्टी' समजतात. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी नाही, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) नाही. हातात येतो तो फक्त वापरण्याचा हक्क.

सीवूड्स_४०
प्रॉपर्टीबद्दल सहमत, हिशेबाबद्दल नाही. तुमचे ७ टक्के करापूर्वीचे आहेत. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून हातात ४.८ टक्के उरतात. मग वर्षाचे ४०,५०० नाही, ३२,८०० होतात आणि रात्र ८,०५० च्या आसपास येते.

आता तुलना कशाशी करायची ते ठरवा. वन बेडरूम अपार्टमेंटमध्ये चार मोठी माणसं राहतात, आत छोटं किचन असतं. आजी-आजोबांना घेऊन मे महिन्यात जायचं तर हॉटेलच्या दोन खोल्या लागतात. खोली ५,००० ची धरली तरी ५ टक्के जीएसटीसकट रात्रीचे १०,५००. घरात पथ्याचं खाणारं कुणी असेल किंवा तान्हं बाळ असेल, तर किचनची किंमत वेगळी सांगायला नको. चार-पाच माणसांच्या, दरवर्षी नेमानं फिरणाऱ्या घराला हे परवडतं.

घोडबंदरकर
कराचा मुद्दा बरोबर, तो मी धरला नव्हता. पण तुम्ही पहिल्याच वर्षावर थांबलात. वार्षिक शुल्क महागाईप्रमाणे वाढवण्याचं कलम करारात असतं. ६ टक्क्यांनी वाढलं तर १२ वर्षांत दुप्पट, पंचविसाव्या वर्षी चौपट, म्हणजे ९५,००० च्या घरात. हॉटेलंही महागतील, कबूल. पण दहावीचं वर्ष असलं, घरात आजारपण निघालं, तर हॉटेलचा खर्च शून्य होतो. शुल्क मात्र भरावंच लागतं. थकलं की बुकिंग बंद, वर व्याज.

कोपरी_पूल
दोघांचाही हिशेब 'सात रात्री मिळतात' हे गृहीत धरून चाललाय. मिळतात का, ते सीझनवर ठरतं. सीझन रंगांनी विकतात. सर्वात गर्दीचे दिवस सर्वात महाग रंगात, आडसीझन स्वस्त रंगात. ईएमआय कमी दिसावा म्हणून स्वस्त रंग गळ्यात मारला जातो आणि त्यात मे, दिवाळी, नाताळ बसत नाहीत. प्रत्येक रिसॉर्टचं रंगाचं कॅलेंडर निराळं असतं. सही करण्याआधी ते छापील मागा आणि त्यावर मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांच्या खुणा करा. ज्या सुट्टीत जायचं ती तुमच्या रंगात येत नसेल तर विषय संपला.

दुसरी अडचण प्रवासाची. रिसॉर्टची खोली काही महिने आधी धरावी लागते, पण रेल्वेचं आरक्षण फक्त ६० दिवस आधी उघडतं. खोली पक्की, आणि ठाणे किंवा पनवेलहून कोकणात जाणारी गाडी दिवाळीत वेटिंगवर, असं होतं. उशिरा रद्द केलं तर रात्री कापल्या जातात. म्हणून स्वतःच्या मोटारीनं जाता येईल असं महाबळेश्वर, लोणावळा आधी बघावं. पण गर्दीही तिथेच जास्त.

निवृत्त जोडप्याचं मात्र वेगळं. त्यांना शाळा नाही, स्वस्त रंग चालतो, पाऊसही चालतो. फक्त बासष्टाव्या वर्षी २५ वर्षांचा करार करताना पुढे तो कुणाच्या नावावर, किती ट्रान्सफर फी भरून जाईल, हे लेखी घ्या.

खारघरवाली
सही करून बसलेल्यांसाठी लिहिते. करारात 'कूलिंग ऑफ' किंवा रद्द करण्याची मुदत शोधा, ती थोड्या दिवसांची असते. मुदतीतच ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टनं पत्र पाठवून पोच जपून ठेवा. फोनवरचं "करतो मॅडम" काही कामाचं नाही. पैसे कर्जानं दिले असतील तर बँकेलाही वेगळं कळवा. मेंबरशिप रद्द झाली तरी कर्ज आपोआप मिटत नाही, आणि नुसता हप्ता अडवला तर सिबिल बिघडतं ते तुमचं.

दाद मिळाली नाही तर १९१५ या नंबरची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही, मुदत २ वर्षं. करारात परगावच्या कोर्टाचं नाव असलं तरी तक्रार राहत्या ठिकाणी करता येते. वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे-पनवेल रायगडमध्ये, तेव्हा चुकीच्या आयोगात जाऊ नका. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन त्याच दिवशी ईमेलवर लिहून त्यांच्याकडून होकार मागा. आयोगापुढे तोच पुरावा ठरतो.

सीवूड्स_४०
यावरून सांगावंसं वाटतं : घ्यायचंच तर जुन्या मेंबरकडून घ्या. कंटाळलेले लोक मूळ किमतीच्या खूप खाली सोडतात.

घोडबंदरकर
हे मला पटतं. १४ वर्षं उरलेली मेंबरशिप ट्रान्सफर फीसकट दीड लाखात मिळाली, तर माझ्याच ७ टक्क्यांनी वर्षाचे १७,१५० आणि शुल्क २३,६००, म्हणजे रात्र ५,८०० ला. चार माणसांना या भावात माझा विरोध नाही. पण थकबाकी नसल्याचं कंपनीचं पत्र, रंग आणि उरलेली वर्षं लेखी हातात आल्याशिवाय विकणाऱ्याला टोकनही देऊ नका. बाहेरच्या रिसॉर्टशी अदलाबदल करण्याची सोय नव्या मेंबरला मिळते का, हेही त्याच पत्रात विचारा.