मदत हवी आहे: भाचीचा अमेरिकन कॉलेजसाठीचा निबंध, पुरावर किती लिहावं?

नमस्कार मंडळी, भाची चिपळूणला बारावी सायन्सला आहे, अमेरिकेत अंडरग्रॅडला अप्लाय करतेय आणि कॉमन अ‍ॅपचा (अनेक कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन अर्ज) मुख्य निबंध अडकलाय. सात विषयांतला दुसरा घेतलाय, म्हणजे आयुष्यात आलेली अडचण किंवा अपयश, त्याचा काय परिणाम झाला, काय शिकलात वगैरे. मर्यादा ६५० शब्द. काही कॉलेजांची अर्लीची (लवकर अर्ज करायची) तारीख १ नोव्हेंबर, त्यामुळे घरात सध्या नुसती धावपळ.

अडचण खरीच आहे. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दाजींचं किराणा दुकान पाण्याखाली गेलं, माल तर गेलाच पण उधारीची वहीपण गेली, आणि दुकानदाराचे किती पैसे त्या वहीत अडकलेले असतात ते वेगळं सांगायला नको. ही तेव्हा आठवीत, शाळा ऑनलाइन, त्यात मोबाईल चिखलात. तर हिने दाजींना रात्री बसवून कोणाकडे अंदाजे किती येणं होतं ते आठवेल तसं लिहून काढलं आणि मग त्यांच्यासोबत घरोघरी जाऊन विचारलं. काहींनी स्वतःहून जास्तच आकडा सांगितला, काहींनी ओळखच दाखवली नाही. अजूनही दुकानाची उधारी तीच एक्सेलमध्ये ठेवते.

आता एका काउन्सेलरने पैसे घेऊन जो ड्राफ्ट सुधारून पाठवलाय त्यात वही एका ओळीत उरकलीये, बाकी सगळा आक्रोश, अंधार आणि छपरावर काढलेली रात्र (छपरावर कोणी नव्हतंच, वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होते!). दहावीच्या पेपरातलं 'पूरग्रस्ताचे मनोगत' वाटतंय अगदी. ताई म्हणते असू दे, त्यांना कळतं त्यातलं. मला नाही पटत. पैसे बुडवणाऱ्यांबद्दल लिहिलं तर कडवट वाटेल का? आणि यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) पण हाच निबंध चालेल का?

प्रतिसाद:
छपराची रात्र आधी उडवा. सबमिट करताना सगळं खरं आणि स्वतःचं आहे असं लिहून द्यावं लागतं. पूर चार वाक्यांत संपवा, कॉलेजांना अ‍ॅडमिशन मुलीला द्यायचीये, पुराला नाही. वहीपासूनच सुरू करा. बुडवणारे खुशाल ठेवा, फक्त त्यांना नावं ठेवत बसू नका, अशा दारातून परत आल्यावर तिने काय केलं ते येऊ द्या, परत गेली का, दाजी सोडून दे म्हणाले का, ते तिलाच विचारा. घराच्या नुकसानीसाठी कॉमन अ‍ॅपमध्ये २५० शब्दांची वेगळी जागा आहे, तिथे साधं सरळ लिहा. यूसीचा अर्ज पूर्ण वेगळा, तिथे आठातले चार प्रश्न घ्यायचे, प्रत्येकी ३५० शब्द. पाचवा अडचणीचाच आहे पण त्यात अभ्यासावर काय परिणाम झाला तेही विचारतात, त्यामुळे मोबाईल आणि ऑनलाइन शाळा तिकडे टाका.

धागाकर्ता:
खूप आभार. आत्ताच फोन केला तिला, म्हणते एका घरी दाजी नको म्हणत असताना ही परत गेली होती, ते ड्राफ्टमध्ये कुठेच नाही! ताईला मी समजावतो. यूसीचा पाचवा प्रश्न कोणी लिहिला असेल तर सांगा, ती आज रात्री तोच घेऊन बसणारे.