हवा, हवामान आणि सावली

शेजारची सहावीतली मुलगी परवा वही घेऊन आली. "काका, वेदर आणि क्लायमेट, दोन्ही म्हणजे हवामानच ना? मग मराठीत फरकच नाही?" शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि घरात तिला तसंच सांगितलेलं. मला ते लागलं. फरक आहे, आणि मराठी माध्यमात शिकलेल्यांनी तो भूगोलाच्या तासाला घोकलेलाही आहे. वेदर म्हणजे हवा, क्लायमेट म्हणजे हवामान.

एका ठिकाणी, एका वेळी असते ती हवा. सकाळी ढगाळ, दुपारी मोकळी. तिच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून जी सरासरी निघते ते हवामान. त्यासाठी साधारण ३० वर्षांच्या नोंदी धरतात. पर्जन्यमान, आयुर्मान यांतलं जे 'मान', तेच इथलं. म्हणून आज पुण्याची हवा पावसाळी असेल, पण पुण्याचं हवामान 'आज' असं काही असू शकत नाही.

तरी रोजच्या बातमीत अंदाज येतो तो हवामानाचाच. शिवाजीनगरच्या वेधशाळेला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे हललं. खात्याच्या नावात हवामान आहे, त्यामुळे तिथून येतं ते सगळं हवामान, असं होऊन बसलं असावं. शिवाय 'हवा' या शब्दावर कामं फार. फुग्यात भरतो ती हवा, निवडणुकीत असते ती हवा. आणि आता 'आज हवा खराब आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला धूर आठवतो, ढग नाही. ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण त्यापायी 'हवामानात बदल होऊन संध्याकाळी सरी पडतील' असं छापायचं आणि त्याच पानावर पृथ्वी तापते आहे त्यालाही हवामानबदल म्हणायचं, हे वाचणाऱ्याच्या डोक्यात गोंधळ घालणारं आहे. 'हवा बदलून सरी पडतील' यात काय कमी आहे? दुखण्यातून उठलेल्या माणसाला पाचगणीला नेत, त्याला हवापालट म्हणत. किती नेमका शब्द!

फॉग आणि मिस्ट यांचं पटकन सांगतो: एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर फॉग, त्यापलीकडचं दिसत असेल तर मिस्ट. आपण धुकं आणि विरळ धुकं म्हणतो, भागतं.

शेड आणि शॅडो मात्र अवघड. दोन्हींना सावली. शेड ही जागा आहे, ऊन न पोचणारी; तिथे बसता येतं. शॅडो ही आकृती आहे, वस्तूची जमिनीवर उमटलेली. आपल्याकडे आकृतीला पडछाया आहे, अशुभाची चाहूल असेल तर सावट आहे, पण बोलताना सगळं सावलीतच जातं. सह्याद्रीच्या पूर्वेला, पाऊस कमी पडतो त्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. तिथे छाया आली ती शॅडोसाठी.

हा फरक मला त्या मुलीला शब्दांत नीट सांगता येईना. मग शून्य सावलीचा दिवस आठवला. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमाराला आम्ही गच्चीत पाण्याची बाटली उभी ठेवली होती, तिची सावली बुडाखाली नाहीशी झाली. तिला म्हटलं, त्या वेळी तू कठड्यावरून खाली बघितलंस, आठवतं? कोपऱ्यावरच्या वडाखाली रिक्षावाले काका काय करत होते?

"सावलीत झोपले होते," ती म्हणाली. मग थांबली, आणि वहीत शेड लिहिलं.