तमिळ बंडखोर संघटना एकमेकींच्या जिवावर का उठल्या?

प्रश्न (सातारा): आमच्या गावातील एक निवृत्त सुभेदार भारतीय शांतिसेनेबरोबर (१९८७ ते १९९०) श्रीलंकेत होते. वाघांविरुद्धच्या (एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेविरुद्धच्या) मोहिमांत दुसऱ्या तमिळ संघटनांची मुले वाटाडे म्हणून सोबत असत, असे ते सांगतात. एकाच ईळमसाठी (स्वतंत्र तमिळ राज्यासाठी) शस्त्रे घेतलेल्यांत इतके वैर कशामुळे आले?

उत्तर (कराड): वैर शांतिसेनेच्या आधीचे आहे. उमा महेश्वरन एके काळी वाघांचेच अध्यक्ष होते. फुटून त्यांनी प्लोट ही वेगळी संघटना काढली आणि मे १९८२ मध्ये मद्रासच्या पाँडी बाजारात त्यांच्यात व वाघांचे नेते प्रभाकरन यांच्यात गोळीबार झाला. टेलो, ईपीआरएलएफ व ईरॉस या इतर तमिळ संघटनांनी १९८४ मध्ये संयुक्त आघाडी उभारली, तीत पुढच्या वर्षी वाघही आले. १९८५ मध्ये भूतानमधील थिंफू येथे श्रीलंका सरकारशी झालेल्या बोलण्यांत तर प्लोटसह सर्वांनी मिळून त्याच चार मागण्या मांडल्या. परंतु भारतातले प्रशिक्षण प्रत्येक संघटनेने स्वतंत्रपणे घेतले होते, पैसा आणि तळही वेगळेच होते, त्यामुळे ही एकजूट वाटाघाटींपुरतीच राहिली.

उत्तर (सांगली): वरील माहिती बरोबर आहे, पण माझ्या मते मुख्य कारण तमिळांचे एकमेव प्रतिनिधी होण्याची वाघांची आकांक्षा हे आहे. एप्रिल १९८६ च्या अखेरीस त्यांनी टेलोवर हल्ला चढवला, मे महिन्यात तिचे नेते सिरी सबारत्नम मारले गेले, आणि ज्यांच्याबरोबर वर्षभरापूर्वी एकत्र बसले होते त्यांचीच शेकडो तरुण मुले त्यात संपली. डिसेंबरमध्ये ईपीआरएलएफची पाळी आली. हरलेल्यांना आसरा हवा होता, म्हणून ते १९८७ नंतर भारतीय सैन्याच्या बाजूला गेले. सुभेदारसाहेबांनी पाहिलेली मुले बहुधा यांच्यापैकीच असावीत. मार्च १९९० मध्ये आपले सैन्य परतले आणि जूनमध्ये ईपीआरएलएफचे पद्मनाभ यांची सहकाऱ्यांसह मद्रासमध्ये हत्या झाली. आपल्यावर भरवसा ठेवलेल्या माणसांचा हा शेवट मला आजही अस्वस्थ करतो.

उत्तर (वाई): श्रीलंकेच्या सरकारलाही यातून वगळता येणार नाही. शांतिसेना जावी म्हणून राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी १९८९ मध्ये वाघांशी बोलणी सुरू केली आणि त्यांना शस्त्रेही पुरवली. जून १९९० मध्ये तेच सरकार आणि वाघ पुन्हा लढू लागले. वाघांच्या आतली मोठी फूट मात्र मार्च २००४ मधली. पूर्वेचे सेनापती करुणा यांनी, लढायला पूर्वेची मुले आणि अधिकार उत्तरेकडे, अशी तक्रार करत बंड केले. पुढे ते सरकारच्या बाजूला गेले आणि २००७ मध्ये पूर्व प्रांत वाघांच्या हातून गेला.