जुन्या मराठी इंद्रजालला हजारोंचा भाव, हे पटतं का तुम्हाला?

रानवेताळ (धागाकर्ता):

मला अजिबात पटत नाहीये आणि म्हणूनच हा धागा काढतोय.

गेल्या आठवड्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा सत्तर सालाच्या आसपासचा एक वेताळचा (म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा) अंक बोलीला आला होता. कव्हरचा कोपरा गेलेला, पिना गंजून पानाला तांबडे डाग, मधलं एक पान चिकटपट्टीने जोडलेलं. रात्री साडेअकरापर्यंत बोली चालली आणि चार आकडी रकमेला गेला. घेणाऱ्याने खाली लिहिलं "इन्व्हेस्टमेंट". वाचायला मजा येईल, लहानपणी हाच वाचला होता, असं काही नाही, फक्त इन्व्हेस्टमेंट. त्या एका शब्दाने डोकं फिरलं माझं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं, किंमत ६० पैसे. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळचे, नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी वगैरे मंडळी आली, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, आणि १९९० मध्ये सगळं बंद झालं. पोरांनी गोळ्या-बिस्किटांचे पैसे वाचवून घेतलेली ही पुस्तकं आहेत हो, कधी लायब्ररीतून भाड्याने आणलेली, सुट्टीत गच्चीवर दहा जणांनी वाचलेली. त्याचं आता शेअर बाजारासारखं झालंय.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या संग्राहकांच्या ग्रुपमध्ये बोली बंद करावी. आधी अदलाबदल, मग ठरलेला वाजवी भाव, आणि ज्याच्याकडे तो अंक नाही त्याला आधी संधी. तुम्हाला काय वाटतं?

रद्दीमास्तर:

दादा, मी जुनी पुस्तकं विकतो, त्यामुळे मी विरुद्ध बाजूचा हे आधीच सांगून टाकतो. पण मला एक सांगा, भाव नव्हता तेव्हा या अंकांचं काय होत होतं? वाडा पाडायला काढला की माळ्यावरची ट्रंक खाली यायची, रद्दीवाल्याला हाक मारायची, तो किलोच्या भावाने वजन करून न्यायचा, त्यात शाळेच्या वह्या, दिवाळी अंक, चांदोबा, इंद्रजाल सगळं एकत्र. तिथून गोडाऊन, तिथून कागद कारखाना, लगदा. संपलं. वीस-पंचवीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि तेव्हा कुणी धागा काढला नाही.

आज कोल्हापूर-सांगलीकडचा रद्दीवाला कॉमिक दिसलं की बाजूला काढून मला फोन करतो. का करतो? त्याला पैसे मिळतात म्हणून. त्याला वेताळ कोण हे माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. भाव पाडा, उद्यापासून तो फोन बंद.

आणि माझी मेहनत पण बघा ना राव. बंद पडलेल्या वाचनालयाचं पोतं उचललं तर त्यात निम्मे अंक कव्हर नसलेले, काहींना कसर लागलेली, काहींची मधली पानं गायब. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी पहाटे जाऊन बसायचं, गाडीभाडं, हमाली, मग घरी आणून एकेक पान मोजायचं. एका पोत्यातून विकण्यासारखे हाताच्या बोटावर मोजण्याइतके निघतात. त्याचे पैसे मागितले तर मी लुटारू?

मेघना_कल्याण:

मास्तर, तुम्हाला कुणी लुटारू म्हटलं नाहीये. पण वाचणाऱ्याच्या बाजूने पण बघा.

माझ्या दादाचे आणि माझे मिळून बरेच अंक आईने जपून ठेवलेत, त्यातल्या कितीतरी गोष्टी अर्धवट आहेत कारण गोष्ट दोन अंकांत विभागलेली असायची, "पुढील अंकी" म्हणून थांबायची. मला पहिला भाग आहे आणि दुसरा हवाय. एवढंच. मला नंबर एकचा अंक नको, मिंट म्हणजे नव्यासारखा कोरा नको, फाटका चालेल, फक्त गोष्ट पूर्ण व्हायला हवी. आणि तो दुसरा भाग कुणीतरी पिशवीत सील करून ठेवलाय आणि त्याची किंमत महिन्याला वाढवतोय. विचारलं तर म्हणतो "ताई, रेअर आहे". अरे रेअर तूच केलास ना, पाच-पाच कॉपी दाबून.

रद्दीवाल्याकडून वाचवणं वेगळं आणि वाचवून पुन्हा कोंडून ठेवणं वेगळं. मी रानवेताळ यांच्याशी सहमत.

एडिसनचा_शिरीष:

न्यू जर्सीत राहतो, इथला कॉमिक्सचा बाजार बरीच वर्षं जवळून बघतोय म्हणून लिहितो.

अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, जून १९३८, किंमत १० सेंट. एप्रिल २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. ही बातमी वाचून सगळ्यांना वाटतं जुनं कॉमिक म्हणजे सोनं. पण तो अंक महाग का, तर तो कुणी जपलाच नाही. पोरांनी वाचून फेकला, दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या त्यात ढीगच्या ढीग गेले.

आता उलट बाजू ऐका. १९९१ मध्ये एक्स-मेनचा नवा पहिला अंक आला, ऐंशी लाखांच्या वर प्रती गेल्या. १९९२ मध्ये सुपरमॅन मरतो तो ७५ नंबरचा अंक काळ्या पिशवीत सील करून आला, लोकांनी दोन-दोन, पाच-पाच घेतले, एक वाचायला बाकीचे पोरांच्या कॉलेजच्या फीसाठी. सगळ्यांनीच जपले, त्यामुळे आज ते कुठल्याही दुकानात स्वस्तात पडलेले असतात. त्या सट्ट्याचा फुगा फुटला तेव्हा इथली हजारो दुकानं बंद झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये एक्स-मेन छापणाऱ्या मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. दुकान गेलं तिथे परत आलं नाही, आणि रोज येऊन वाचणारी पोरं पण गेली.

म्हणून "इन्व्हेस्टमेंट" शब्द ऐकला की मला भीती वाटते. बाजार पडला की सट्टेवाला निघून जातो, त्याचं काही बिघडत नाही. नुकसान प्रेमाने जमवणाऱ्याचं होतं.

रद्दीमास्तर:

शिरीषराव, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे. एक्स-मेन स्वस्त झालं कारण सगळ्यांनी जपलं. मराठी इंद्रजाल कुणी जपलं? भाड्याने देणाऱ्या लायब्रऱ्यांनी अंक शिवून, वर जाड पुठ्ठा लावून, शंभर हातांत फिरवून अक्षरशः झिजवले. आपल्याकडे मिंट नावाची वस्तूच शिल्लक नाही. कॅमलच्या रंगस्पर्धेचं पान पोरांनी कापून पाठवलेलं, शब्दकोडी पेनने सोडवलेली, मागच्या कव्हरवर कुणीतरी पाढे लिहिलेले. जे आहे ते एवढंच आहे आणि दर पावसाळ्यात कमी होतंय. नवीन छापून येणार नाही. मग भाव वाढणारच, तो कुणी ठरवून वाढवत नाही.

कागदमित्र:

भावाच्या भांडणात मला पडायचं नाही, पण "जपणं" हा शब्द इथे सगळेच वापरताय तर जपणं म्हणजे काय ते बोलूया, कारण पिशवीत सील केलं म्हणजे जपलं असं नाही. माझं काम जुन्या कागदाचंच आहे.

इंद्रजाल ज्या कागदावर छापलं तो वर्तमानपत्राच्या जातीचा स्वस्त कागद. त्यात लाकडातलं लिग्निन राहतं, त्यामुळे तो आपोआप पिवळा पडत जातो आणि आम्ल तयार होऊन ठिसूळ होतो. उजेड आणि उष्णता मिळाली तर लवकर, अंधारात थंड ठेवला तर हळू, पण प्रक्रिया चालूच. बाजारातली जाड चकचकीत पीव्हीसीची पिशवी तर आणखी घातक, ती चिकट होते आणि शाई ओढून घेते. साधी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घाला. जून ते सप्टेंबर कपाटात ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि ते वाळवून परत वापरा. पिना गंजल्या असतील तर सुताराच्या पक्कडने ओढू नका, आतून पाय सरळ करून अलगद काढा आणि पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवा. सेलोटेप कधीही नाही. लॅमिनेशन करणाऱ्यांनो, हात जोडतो, लॅमिनेशन म्हणजे अंक मारून टाकणं, ते परत सुटत नाही.

हल्ली अमेरिकेसारखं ग्रेडिंग करून कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करायची हौस इकडे पण सुरू झालीये. तिकडच्या बाजाराला ते ठीक असेल. आपल्या अंकाला कुणी दहापैकी किती मार्क दिले यापेक्षा वर्षातून एकदा उघडून कसर लागली का बघणं जास्त गरजेचं, आणि डबी बंद केली की ते होत नाही.

रद्दीमास्तर, महाग वस्तूची लोक काळजी घेतात हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. महाग वस्तू लोक लपवतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत प्रेमाने जमवणारेच जास्त असतात.

रानवेताळ:

कागदमित्र, धन्यवाद, मला हेच म्हणायचं होतं पण इतकं नीट मांडता आलं नसतं.

अजून एक मुद्दा. इंद्रजालची आतली चित्रं अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या चित्रकथांच्या पट्ट्यांवरून आलेली, पानात बसवण्यासाठी कापलेली, कितीतरी चौकटी गाळलेल्या. मूळ पट्ट्या जगात दुसरीकडे पूर्ण मिळतात. पण कव्हरं इथे रंगवलेली! बी. गोविंद यांनी काढलेली सुरुवातीच्या वर्षांतली कव्हरं बघा, जंगलाचा तो हिरवा-निळा, वेताळाच्या मुठीची ठेवण, आणि बहादूरची आतली चित्रं पण त्यांचीच. शिवाय मराठी भाषांतर, ते पण फक्त याच अंकांत आहे. म्हणजे आपल्या हातात जे एकमेव आहे ते कव्हर आणि मराठी मजकूर. अंक एखाद्या लॉकरमध्ये गेला की ते दोन्ही गेलं.

म्हणून माझी मागणी थोडी बदलतो. बोली लावायचीच असेल तर लावा, पण विकण्याआधी अंक पूर्ण स्कॅन झाला पाहिजे, कव्हरसकट, जाहिरातींसकट. बालभारतीने किशोरचे जुने अंक सगळ्यांसाठी ऑनलाइन मोफत ठेवलेत, ते बघितलं की वाटतं आपल्याला का जमू नये.

वकीलबाई_सातारा:

किशोरचं उदाहरण इथे लागू होत नाही. बालभारती स्वतःच प्रकाशक आहे, त्यांचे अंक त्यांनी ठेवले. वेताळ आणि मँड्रेकचे हक्क किंग फीचर्स या अमेरिकन कंपनीकडे आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी, खासगी वापरासाठी प्रत काढून ठेवणं वेगळं, कायद्यात त्याला जागा आहे, पण ते सगळ्या जगाला डाउनलोडला ठेवणं वेगळं. प्रेम कितीही असलं तरी.

कव्हरांची आणि अंकांची नीट यादी मात्र जरूर करा. कुठला नंबर, कुठलं नाव, कुठल्या महिन्याचा, छापील किंमत, किती पानं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि आज तीच नीट उपलब्ध नाहीये.

ओंकार२००१:

मी इथे वयाने सगळ्यात लहान असेन. इंद्रजाल बंद झालं तेव्हा माझा जन्म पण नव्हता. आजोबांकडे तीन अंक होते त्यावरून नाद लागला.

तुम्ही सगळे भावावर बोलताय पण नवीन माणूस यात येणार कसा ते सांगा ना. माझा पगार ठाण्यात खोलीचं भाडं देऊन उरतो तेवढा. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर विचारलं तर तो पण आता मोबाइलवर बघून भाव सांगतो. इंग्रजी-हिंदीत वेताळचे रिप्रिंट निघालेत ते मी घेतले, छान आहेत, कागद मस्त आहे, पण मला आजोबांच्या भाषेतलाच हवाय. मराठीतला वेताळ जसा बोलतो तसा इंग्रजीतला बोलत नाही माझ्यासाठी.

मास्तर, अंक वाचवला म्हणून तुमचे आभार मानतो मनापासून. पण पन्नाशीच्या पुढच्या शंभर लोकांमध्येच तो फिरत राहिला तर अजून वीस वर्षांनी तुमच्याकडून घेणार कोण?

मेघना_कल्याण:

ओंकार, तुझा पत्ता मेसेज कर. माझ्याकडे काही डबल आहेत, मँड्रेकचे जास्त, फाटके आहेत पण पानं पूर्ण आहेत. पोस्टाचा खर्च पण नको.

ओंकार२००१:

ताई काय बोलू, खूप खूप आभार. लगेच करतो मेसेज.

रद्दीमास्तर:

ओंकार, तुझा प्रश्न लागला मनाला. पण मी माझ्या भावातून एक रुपया कमी करणार नाही हे पण खरं, कारण माझं घर त्यावर चालतं आणि त्या रद्दीवाल्यांचं पण. रानवेताळ दादांनी बोली बंद करा म्हटलं तर मी ग्रुप सोडेन, राग मानू नका.

वकीलबाईंचं मात्र पटलं. माझ्या हातून रोज अंक जातात आणि मी फक्त नंबर बघून पैसे घेतो, नोंद कुठेच नाही. उद्यापासून विकायच्या आधी प्रत्येक अंकाचं नंबर, महिना, छापील किंमत, पानं, कुठलं पान गायब, आणि कव्हरचा एक साधा फोटो माझ्या वहीत करून ठेवतो. कव्हर नसलेले आणि पानं गेलेले जे आहेत ते मी आजपर्यंत परत रद्दीतच टाकत होतो, ते वेगळे काढतो. वाचायला ज्यांना हवेत त्यांनी पोस्टेज देऊन न्यावेत, त्याचे मी पैसे घेणार नाही. चांगले अंक बोलीलाच जाणार.

रानवेताळ:

बोलीबद्दल माझं मत तेच आहे मास्तर, आणि रविवारी ग्रुपवर मतदान घेणारच आहे. पण ते बिनकव्हरचे अंक कृपा करून टाकू नका, मी स्वतः येऊन घेऊन जातो. कधी येऊ सांगा.