मदत हवी आहे: क्लायंटला दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एजीपीएल लायसन्सखालची लायब्ररी (दुसऱ्यांचा तयार कोड) निघाली, सोर्स कोड द्यावा लागेल का?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाशकात आमचं दोघांचं छोटं सॉफ्टवेअरचं काम आहे. पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाऊसना सॉफ्टवेअर विकतो: प्लॉटचा नोंदणी क्रमांक, आवक, वजन, पेटीवरचं लेबल, बिल. सगळं जावात. त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसवून देतो, वर्षाला एएमसी (देखभालीचे पैसे) घेतो. सोर्स (आम्ही लिहिलेला मूळ कोड) कुणालाच देत नाही.

आता एका निर्यातदाराने करारात कलम टाकलंय: आतल्या सगळ्या ओपन सोर्स (सोर्स खुला असलेल्या) घटकांची लायसन्ससकट यादी द्या आणि कुणाचा कॉपीराइट मोडत नाही असं लिहून द्या. पार्टनर म्हणतो, "नेटवर फुकट मिळतं, दे लिहून." यादी काढली तर पीडीएफसाठी आयटेक्स्ट ५ ही लायब्ररी आहे, एजीपीएलखाली, म्हणजे जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा कडक प्रकार. रिपोर्टला जॅस्पररिपोर्ट्स, एलजीपीएल (जीपीएलचा सौम्य प्रकार). मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारा जावा कनेक्टर जीपीएल. बाकी बहुतेक अपाचे आणि एमआयटी या सैल लायसन्सखाली. शिवाय वजनकाट्याशेजारी आम्हीच दिलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) आहे, त्यावर लिनक्स आणि आमचा छोटा प्रोग्राम.

सगळा कोड उघडा करावा लागेल का? की हे विकायलाच बंदी आहे? आणि क्लाउडवर नेलं तर सुटका होईल का? हंगाम तोंडावर आलाय, लवकर सांगा.

जुना_कोडर:
विकायला बंदी अजिबात नाही. जीपीएलचं सॉफ्टवेअर हव्या त्या किमतीला विका. अट एवढीच, की ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्सही मिळाला पाहिजे, आणि तो पुढे वाटायला त्याला मोकळीक. साऱ्या जगाला द्यायची सक्ती नाही. पण एका पॅकहाऊसला दिलेला कोड शेजारच्या पॅकहाऊसला जायला किती वेळ लागतो ते तुम्हीच जाणता!

तुम्ही इन्स्टॉलर क्लायंटच्या मशीनवर टाकता, म्हणजे वितरण झालं. तिथूनच अटी लागू होतात. हेच फक्त स्वतःच्या ऑफिसात वापरलं असतं तर जीपीएलने काही मागितलं नसतं. एमआयटी-अपाचेची काळजी नको, त्यांच्या नोटिसा आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की झालं.

खरी गाठ आयटेक्स्टची आहे. २.१.७ आवृत्तीपर्यंत ते एलजीपीएल आणि एमपीएल या सौम्य लायसन्सखाली होतं, २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएल झालं. क्लाउडचं विसरा. एजीपीएलचं १३ वं कलम ती पळवाट बुजवायलाच आहे, नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मागता येतो. तेव्हा एक तर त्यांचं व्यावसायिक लायसन्स विकत घ्या, नाही तर बदला. आयटेक्स्टच्याच जुन्या शाखेवरून निघालेलं ओपनपीडीएफ एलजीपीएल-एमपीएलमध्ये आहे, अपाचेचं पीडीएफबॉक्सही आहे. ओपनपीडीएफला इम्पोर्ट (कोडमधल्या लायब्ररी जोडणाऱ्या ओळी) बदलावे लागतील, पण कोडची धाटणी ओळखीची वाटेल. मायएसक्यूएलच्या कनेक्टरच्या जागी मारियाडीबीचा कनेक्टर घ्या, तो एलजीपीएल आहे. मग सगळे रिपोर्ट एकदा चालवून बघा, तारखांपाशी गंमत होते.

सातपूरकर:
अहो, नाशकात कोण बघायला येतंय? आमच्या एमआयडीसीत निम्मे लोक विंडोजही क्रॅक वापरतात.

वकीलताई:
सातपूरकर, इथे बघणारा निर्यातदारच आहे, आणि लिहून मागतोय. खोटं लिहून दिलंत तर उद्या नुकसानभरपाई तुमच्याच गळ्यात. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीतच मोडतो. लायसन्स म्हणजे परवानगी. अट मोडली की परवानगीच जाते. अमेरिकेत जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात २००८ मध्ये अपील कोर्टाने हेच धरलं, तेही फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरबाबत. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्या वेळी सवलत आहे: नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली तर हक्क परत मिळतात. दुसऱ्या आवृत्तीत अशी सोय नाही.

गोदाकाठ, तुमच्या करारात "रिव्हर्स इंजिनिअरिंग सक्त मनाई", म्हणजे प्रोग्राम उलगडून आतला कोड बघायला बंदी, असं वाक्य असेलच. एलजीपीएलच्या लायब्ररीत बदल करणाऱ्याला डीबगिंगसाठी (चुका शोधून काढण्यासाठी) ती मुभा द्यावीच लागते. जॅस्पररिपोर्ट्स ठेवणार असाल तर तेवढा अपवाद घाला.

जुना_कोडर:
बरोबर. आणि जॅस्परची जार (जावाची बांधलेली फाइल) वेगळी ठेवा, सगळं एकत्र दळून एकच जार करू नका. क्लायंटला ती बदलता आली पाहिजे.

रास्पबेरी पायचं सांगायचं राहिलं. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लायसन्ससोबतच्या टीपेतच लिहिलंय की नेहमीच्या सिस्टिम कॉलवर (कर्नलकडून सेवा मागण्याच्या रीतीवर) चालणारे प्रोग्राम त्याची उपकृती (त्यावरून बनलेली कृती) धरले जात नाहीत, त्यामुळे तुमचा प्रोग्राम तुमचाच. पण एसडी कार्डातून लिनक्सची प्रत तुम्हीच दिलीत. त्या भागाचा सोर्स सोबत द्या किंवा मागेल त्याला देऊ असं लेखी द्या, ते किमान ३ वर्षं पाळायचं. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरबाबत याच मुद्द्यावर गलका झाला, कंपनीने सोर्स दिला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं.

गोदाकाठ:
जुना_कोडर, वकीलताई, मनापासून आभार. पार्टनरला धागा वाचायला लावला, आता गप्प आहे. ओपनपीडीएफ टाकून बघतोय, लेबलचा मराठी फॉन्ट तेवढा त्रास देतोय. पण आधीच बसवलेल्या प्रतींचं काय? अपडेट दिलं की मिटलं?

वकीलताई:
पुढचं मिटलं, मागचं नाही. जुन्या प्रती दिल्या ते वितरण होऊन गेलं. अपडेट सगळीकडे पोचवा, कुठे कधी बसवलं त्याची नोंद ठेवा. निर्यातदाराला हमी फक्त नव्या व्हर्जनपासून द्या आणि व्हर्जनचा नंबर कलमातच लिहा. सही करण्याआधी मसुदा एखाद्या वकिलाला दाखवा, इथल्या प्रतिसादांवर सही करू नका.