मदत हवी आहे : टोरोंटोत घर भाड्याने घेताना सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यावं का?

नमस्कार मंडळी,

धाकटी बहीण, मेहुणे आणि दुसरीतली भाची असे तिघे पीआर (कायम राहायचा परवाना) घेऊन अकरा दिवसांपूर्वी टोरोंटोला पोहोचले. मी इथे मुलुंडला. रोज रात्री साडेनऊला फोन असतो, तेव्हा तिकडे सकाळचे अकरा. 'जेवलीस का'च्या आधी 'घर मिळालं का' विचारून होतं.

सुरुवातीची कामं भराभर झाली. सिन नंबर (तिथे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) एका खेपेत मिळाला, बँकेत खातं उघडलं, सिमकार्ड घेतलं. (आईने हट्टाने बॅगेत कोंबलेला मिक्सर मात्र तिथल्या १२० व्होल्टवर नुसता घुमतो, वाटत काही नाही. २३ किलोच्या बॅगेत त्याच्यापायी गोडा मसाला मागे राहिला, याचं बहिणीला जास्त दुःख.)

अडलंय ते घरावर. आत्ताची जागा अजून नऊच दिवस आहे. स्कारबरोत (टोरोंटोचाच एक भाग) कुठेही घर बघायला गेलं की पहिला प्रश्न क्रेडिट स्कोअर किती, दुसरा नोकरीचं पत्र आहे का. अकरा दिवसांत स्कोअर आणायचा कुठून? इथे दोघांनी आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही, सिबिल ८०० च्या वर. तिकडे ते कुणी बघतही नाही.

शेवटी एक बेसमेंटवाला, म्हणजे घराचं तळघर भाड्याने देणारा, तयार झाला. माणूस आपल्याच देशातला, बोलायला गोड. म्हणतो सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या, रोख द्या, आणि कराराचं काय एवढं, आपण सगळे आपल्यातलेच. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाबांना यात काहीच वावगं वाटत नाही. "मुलुंडला काय कमी डिपॉझिट घेतात? वर ब्रोकरला एक महिन्याचं भाडं वेगळं." खरंय, पण इथे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर होतो, डिपॉझिटचा आकडा त्यात लिहिलेला असतो. तिथे कागदच नाही. उद्या त्याने हात वर केले तर भांडायचं कशावर?

मी थोडं वाचलं. ऑन्टारिओच्या (टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्याच्या) २००६ च्या भाडेकरू कायद्यानुसार मालक डिपॉझिट म्हणून फार तर एका महिन्याचं, म्हणजे शेवटच्या महिन्याचं भाडं मागू शकतो. ३० एप्रिल २०१८ पासून ठराविक नमुन्यातला लेखी करारही आलाय. हे बहिणीला सांगितलं तर म्हणाली, "दादा, कायदा दाखवेपर्यंत मागचा माणूस किल्ली घेऊन जातो."

तर जे तिकडे नवीन असताना यातून गेलेत त्यांनी सांगा, स्कोअर नसताना तुम्ही काय दाखवलंत? आणि इथून मी करण्यासारखं काय आहे? भाचीची लसीकरणाची फाईल माझ्याकडेच राहिलीये, अक्षर डॉक्टरांचं, त्यामुळे देवालाच कळेल असं. मेहुण्यांच्या लायसन्ससाठी आरटीओचं काही पत्र लागतं म्हणे, ते मी आणू शकतो का?

'परत बोलवा' हा सल्ला कृपया नको. तो आत्याने दिलाय.

प्रतिसाद :
मी टोरोंटोशेजारी मिसिसागात राहतो. त्या बेसमेंटला नाही म्हणा, आणि पैशापेक्षा कागदासाठी म्हणा. शाळा असो की हेल्थ कार्ड (सरकारी आरोग्यसेवेचं), पत्त्याचा पुरावा मागतात, आणि भाडेकरार हा त्यातला सगळ्यात सरळ पुरावा. करार नाही म्हणजे पुढची कामंही अडणार. हेल्थ कार्डासाठी पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, ते २०२० मध्ये गेलं, त्यामुळे उगाच उशीर करू नका. आम्ही पीआरसाठी दाखवलेल्या शिलकीचं बँकेचं पत्र, इथलं खातं आणि मुंबईच्या घरमालकाचं शिफारसपत्र अशी फाईल केली होती. सात जणांनी नाही म्हटलं, आठव्याने हो. भाड्याची पावती मागितली तर मालकाला द्यावीच लागते. बेसमेंटच घेणार असाल तर आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी आहे का, धुराचा अलार्म आहे का, ते बघा. लसींची यादी तारखांसकट टाइप करून त्यावर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. कांजिण्यांची लस नक्की बघा, २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना इथल्या शाळेत ती लागते. भारतातलं लायसन्स इथे आल्यापासून ६० दिवस चालतं, पुढे इथल्या परीक्षा. किती वर्षं गाडी चालवली त्याचं आरटीओचं पत्र असेल तर दोन परीक्षांमधली थांबायची मुदत कमी होते.

धागाकर्ता :
खूप आभार. तुमचा प्रतिसाद बहिणीला तसाच पाठवला. बेसमेंटवाल्याला 'नको' असं कळवलंय, तर तो लगेच चार महिन्यांवर आला, म्हणजे बघा. मुंबईतल्या जुन्या घरमालकांना पत्रासाठी आजच फोन केला, काकू म्हणाल्या मजकूर तू लिही, मी सही करते. सोमवारी डॉक्टर आणि तिथून वडाळा आरटीओ. मिक्सरचं काय करायचं तेवढं कुणीतरी सांगा, ट्रान्सफॉर्मर घ्यावा की आईला खरं सांगावं?