पिकअपच्या हौद्यावर पॉप-अप कॅम्पर: भोसरीवाला हो म्हणतोय, मला धाकधूक वाटतेय

वेताळटेकडी_४११

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायला बसलो. गेल्या दिवाळीत सेकंड हँड डबल कॅब पिकअप घेतलाय, डिझेल, ४x४, पांढरी पाटी. कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धे प्रतिसाद "ही का घेतली, ती घ्यायची होती" असेच येतील. आधीच्या मालकाने मागे एफआरपीची (फायबरची) कॅनोपी, म्हणजे हौद्यावरचं बंद टप, आणि पुढे जाडजूड स्टीलचा बंपर लावलेला आहे.

सप्टेंबरमध्ये हिमाचलमधल्या स्पितीला जायचंय, मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि बाबा. पुण्यातून काझा (स्पितीतलं मुख्य गाव) म्हणजे एका बाजूने दोन हजार किलोमीटरच्या वर, त्यामुळे रोज हॉटेल शोधण्यापेक्षा गाडीतच झोपायची सोय करावी असं डोक्यात आहे. अमेरिकेतले लोक पिकअपच्या मागे ते पॉप-अप कॅम्पर टाकतात ना, चालताना छप्पर खाली आणि मुक्कामाला वर, ते बघून बघून वेड लागलंय. भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरला फोटो दाखवले, तो म्हणाला करून देतो, स्क्वेअर पाइपचा सांगाडा, वर एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट) शीट, मधे ताडपत्री, साधारण २५० किलोत बसेल. शिवाय आत १८ एमएम प्लायचे ड्रॉवर, ६० लिटर पाण्याची टाकी, ४५ लिटरचा फ्रिज, १०० एएचची लिथियम बॅटरी, २०० वॉटचं सोलर आणि जमलं तर अडकलेली गाडी ओढून काढायला विंच. मागे गाडी बसायला नको म्हणून एक्स्ट्रा पाटा (सस्पेन्शनची स्प्रिंगपट्टी) टाकू म्हणाला. एवढं सगळं झेपेल का गाडीला? आणि आरटीओची काही कटकट?

पाटे_बदलू

दादा, आधी एक काम करा. डिझेलची टाकी फुल करा, तुम्ही एकटे बसा आणि जवळच्या वजनकाट्यावर जा. भोसरी, मार्केट यार्ड, कुठेही, किरकोळ पैसे घेतात. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून दुसरी पावती घ्या. आणि आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, तेही इथे टाका. बाकी चर्चा नंतर.

पाट्याचं म्हणाल तर माझा धंदाच तो आहे म्हणून स्पष्ट सांगतो. एक्स्ट्रा पाटा टाकला की गाडी मागून बसलेली दिसत नाही, बस्स. आरसीवरचा आकडा त्याने वाढत नाही, ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच, चॅसी तीच, टायरवरचा लोड इंडेक्स (वजन पेलायची मर्यादा) तोच. उलट गाडी सरळ उभी दिसते म्हणून माणूस अजून भरतो. चॅसी वाकलेले पिकअप मी बघितलेत, हौदा आणि केबिनच्या मधली फट वर रुंद आणि खाली चिंचोळी झाली की समजायचं. बहुतेक सगळ्यांनी वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लादलेलं असतं, त्याने स्टिअरिंग हलकं लागतं आणि घाटात उतारावर ते लक्षात येतं, जेव्हा यायला नको तेव्हा.

त्या अमेरिकन कॅम्परचं वजन बघा एकदा, रिकामा पॉप-अपच चारशे-साडेचारशे किलोच्या आसपास जातो आणि तो ज्या गाड्यांवर बसतो त्यांचा हौदा सहा-साडेसहा फुटांचा असतो. आपल्याकडच्या डबल कॅबचा हौदा पाच फूट, त्यात तुम्ही आडवेसुद्धा होणार नाही.

नियमावली

आरटीओबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने जशी गाडी दिली त्यात रजिस्ट्रेशनच्या कागदांशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही, हे मूळ सूत्र. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या, गाडीमागे नाही. आणि तो स्टीलचा बंपर, त्याबद्दल केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदा. सिग्नलला मामांनी थांबवलं तर आधी तोच दिसणार.

कायदेशीर कॅरव्हान हा वेगळा प्रकार असतो, त्याची टेस्टिंग होते, अ‍ॅप्रूव्हल लागतं. एआरएआय, म्हणजे गाड्या तपासणारी संस्था, आपल्या पुण्यातच असली, तुमच्या आयडीतल्या टेकडीवरच, तरी एकट्या माणसाने घरच्या गाडीसाठी त्या वाटेला जाऊ नये, खर्च आणि वेळ दोन्ही परवडत नाही.

बोल्टने बसणारं आणि काढता येणारं सामान, म्हणजे रॅक, रूफटॉप टेंट (टपावर उघडणारा तंबू), ड्रॉवर, यावर सहसा कुणी हटकत नाही. तरी इन्शुरन्स कंपनीला ईमेल करून कळवा आणि उत्तर जपून ठेवा. माझ्या आधीच्या गाडीला बाहेरून लाइट लावले होते, वायरिंग जळलं, सर्व्हेअरने ते लाइट बघितले आणि क्लेम निम्म्याच्या खाली आला, सहा महिने चकरा मारल्या, उपयोग शून्य.

वेताळटेकडी_४११

काल सकाळी काट्यावर जाऊन आलो. आरसीवर रिकामी १९५०, कमाल २५२०. टाकी फुल, मी एकटा, कॅनोपी आणि बंपर धरून आलं २१३०. म्हणजे उरले ३९०. बायको, मुलगी आणि बाबा मिळून १६२ (बायकोचा आकडा विचारून घेतलाय, अंदाजाने लिहायची हिंमत नाही). राहिले २२८ आणि फॅब्रिकेटरचा सांगाडाच २५० चा. पाणी, अन्न, फ्रिज, कपडे, काहीच न घेता मी ओव्हरलोड. रात्री झोप नाही आली राव.

पाटे_बदलू

आणि ते २५० त्याने तोंडी सांगितलेत, शीट, बिजागऱ्या, गॅस स्ट्रट, गादी धरून तीनशेच्या वर गेलं असतं. बंपर काढून टाका, ४० ते ५० किलो परत मिळतील आणि वरच्या साहेबांचा दंडही वाचेल. विंच तर विसराच, कायनेटिक रोप (ताणला जाणारा ओढदोर) आणि दोन सॉफ्ट शॅकल (दोर अडकवायच्या दोरीच्याच कड्या) ठेवा, कारखान्याच्या टो हुकला लावा, आणि टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर कधीही अडकवायचा नाही, तो बॉल तुटला तर गोळीसारखा येतो.

सुतारपक्षी_पौडरोड

प्लायबद्दल मी बोलतो. ८x४ ची १८ एमएमची एक शीट तीस किलोच्या वर भरते, ड्रॉवरला दोन लागतातच, म्हणजे साठ-पासष्ट किलो नुसतं लाकूड. १२ एमएम घे, तीही फक्त जिथे भार येतो तिथे, बाकी अ‍ॅल्युमिनियम सेक्शन. २५x२५ चा २ एमएम जाडीचा लोखंडी स्क्वेअर पाइप मीटरला जवळपास दीड किलो, तोच अ‍ॅल्युमिनियमचा अर्धा किलो. भवानी पेठेत सेक्शन मिळतात, वेल्डिंगच्या भानगडीत न पडता ब्रॅकेट आणि रिव्हेटने जोड, नंतर उघडता येतं.

पॉप-अप सोडून दे आणि सॉफ्टशेल (कापडी कव्हरचा) रूफटॉप टेंट घे, पन्नास किलोच्या आसपासचे मिळतात. पण कॅनोपीच्या छतावर डायरेक्ट टाकू नको. उभ्या गाडीत छत तिघांचं वजन घेईल, पण चालत्या गाडीत खड्ड्यात आपटताना त्याची ताकद फार कमी असते, एफआरपीला केसासारख्या चिरा पडतात. आतून अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा देऊन वजन हौद्याच्या काठावर उतरव.

आणि धूळ! याबद्दल कुणी बोलतच नाही. गाडी चालताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि टेलगेटच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. मी स्पितीतल्या लोसरला पोचलो तेव्हा पोह्यांच्या डब्यातसुद्धा धूळ होती आणि डबा बंद होता. टेलगेटला चारी बाजूंनी रबर बीडिंग कर, आणि कॅनोपीत पुढच्या बाजूला एक छोटा व्हेंट दे म्हणजे हवा समोरून आत शिरते आणि मागच्या फटीतून बाहेर पडते. पुढची गाडी धूळ उडवत असेल तेव्हा मात्र व्हेंट बंद. बीडिंग बोहरी आळीत मिळेल.

बारा_व्होल्ट

इलेक्ट्रिकलचं बघू. ४५ लिटरचा कंप्रेसरवाला फ्रिज चालू असताना चाळीस-पन्नास वॉट घेतो, सतत चालू नसतो, दिवसाला साधारण ४००-५०० वॉट-अवर धरा. १०० एएच लिथियममध्ये १२८० वॉट-अवर आहेत, म्हणजे गाडी हलली नाही तरी दोन दिवस आरामात. रोज दोन तास गाडी चालणार असेल तर २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालत्या गाडीच्या ऑल्टरनेटरवरून ही बॅटरी भरणारा) तेवढं परत भरतो, मग सोलर कशाला? तुम्ही एका जागी चार दिवस बसणार नाही आहात, आणि ताम्हिणीत जुलैत पॅनल म्हणजे छताला शोभा.

लिथियम डायरेक्ट ऑल्टरनेटरला जोडू नका, ती अधाशासारखा करंट ओढते, ऑल्टरनेटर तापून जातो. वायर घरगुती अडीच एमएमची टाकली तर पुढच्या बॅटरीपासून हौद्यापर्यंत जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये २० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट रस्त्यातच जातात, किमान १० एमएम घ्या. तपकीर गल्लीत घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा, वरून तांबं आणि आतून पांढरं निघालं तर ते अ‍ॅल्युमिनियम, परत द्या. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, दोन्ही टोकांना. आणि शून्याच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते, सप्टेंबरच्या शेवटी काझाला पहाटे थंडी पडते, तेव्हा लो टेंपरेचर कटऑफ असलेलीच घ्या.

तिखटमीठ

स्वयंपाकाचं कुणीच लिहिलं नाही, सगळे पुरुष दिसतायत. ब्युटेनचे ते छोटे कॅन नेऊ नका, ब्युटेन शून्याच्या जवळ वायू होतच नाही, थंडीत शेगडी नुसती फुसफुसते. ५ किलोचा छोटा सिलिंडर बाहेरच्या बाजूला उभा बांधून न्या, आणि टेंटमध्ये किंवा कॅनोपीत शेगडी पेटवायची नाही म्हणजे नाही, कितीही थंडी असो. काझा साधारण ३६५० मीटरवर आहे, तिथे पाणी ९० च्या आतच उकळतं, भात उघड्या पातेल्यात शिजत नाही, तीन लिटरचा कुकर घ्या. साठ लिटर पाणी नको, चाळीस पुरे, तेही वीस-वीसच्या दोन कॅनमध्ये, केबिनच्या भिंतीला चिकटून.

आणि बाबांचं वय काय? रात्री दोनदा उठावं लागत असेल तर शिडीवरून अंधारात उतरणार का ते?

वेताळटेकडी_४११

बाबा ७१. ताई, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. आज जेवताना विचारलं तर म्हणाले, "मी कधी म्हणालो होतो टपावर झोपेन?" ते होमस्टेमध्ये झोपणार, आम्ही तिघं त्याच अंगणात गाडीवर, ठरलं.

पॉप-अप कॅन्सल, फॅब्रिकेटरला फोन केला, जरा नाराज झाला पण सांगाडा करून देतो म्हणाला. बंपर काढला, ४५ किलो भरला, म्हणजे आता २७३ शिल्लक. टेंट आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा ६२, पाणी ४०, फ्रिज भरून ३२, बॅटरी आणि चार्जर १५, ड्रॉवर २८, हत्यारं, दोर आणि कंप्रेसर २५, कुकर-सिलिंडरसकट किराणा आणि कपडे ६०. बेरीज २६२.

एक नवीन घोळ. सोसायटीच्या पार्किंगचा बीम २.०५ मीटरवर आहे आणि टेंट लावल्यावर गाडी सव्वादोनच्या आसपास जाईल. सध्या तरी टेंट निघायच्या आदल्या दिवशीच चढवायचा विचार आहे, चार माणसं लागतील, कोथरूडमधलं कुणी मोकळं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, चहा-वडापाव माझ्याकडून.

पाटे_बदलू

मी येतो. टेंट चढला की सगळं भरून, चौघं बसून परत काट्यावर जायचं, आणि टायरची हवा त्या वजनाला भरायची, दारावर स्टिकर असतो त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. ११ किलो उरलेत, त्यात काही भरू नका.

वेताळटेकडी_४११

आईने आत्ताच चकलीचा डबा आणून ठेवलाय. स्टीलचा आहे. तीन किलो.